उपग्रहांच्या टकरी टाळण्याचं काम: नाशिकच्या मुलांसाठी थोडं अनुभवाचं

सुट्टीत नाशिकला आलो की कॉलेज रोडवर ओळखीची मुलं गाठतात. 'दादा, तुमच्या फील्डमध्ये यायचं तर पायथन करू की एआय?' मी म्हणतो, सांख्यिकी करा. चेहरे पडतात. का, ते सांगतो.

10 फेब्रुवारी 2009 ला सैबेरियाच्या वर इरिडियम 33 हा चालू उपग्रह आणि कॉसमॉस 2251 हा निकामी रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले. उघड माहितीवरून त्या दिवशी काढलेला अंदाज होता 584 मीटर अंतराचा. जवळून जाणाऱ्या उपग्रहांच्या त्या दिवशीच्या यादीत याहून कमी अंतराच्या जोड्याही होत्या! नुसत्या अंतरावर विसंबायचं नाही. त्या अंदाजात चूक किती असू शकते, ते आधी विचारायचं.

आमच्याकडे धोक्याची सूचना येते ती सीडीएम (कंजंक्शन डेटा मेसेज), म्हणजे दोन वस्तू जवळून जाणार असल्याचा संदेश. त्यात वेळ, अंतर, सापेक्ष वेग सगळं असतं, पण मी आधी कोव्हेरिअन्स बघतो, म्हणजे अंदाज कोणत्या दिशेला किती चुकू शकतो त्याचे आकडे. उपग्रह जिथे कुठे असू शकतो तो भाग शेवग्याच्या शेंगेसारखा, प्रवासाच्या दिशेने लांबच लांब. कारण वरच्या विरळ हवेचं घर्षण नेमकं सांगता येत नाही. सूर्य खवळला की ही हवा फुगते आणि कालचं गणित आज चालत नाही.

टकरीची शक्यता दहा हजारांत एकच्या वर गेली की साधारणपणे उपग्रह हलवायचा विचार सुरू होतो. एक दिवस आधी वेग सेकंदाला फक्त एक सेंटिमीटरने बदलला, तरी उपग्रह अडीच किलोमीटर मागेपुढे सरकतो. पण इंधन जातं, आणि नव्या वाटेत दुसरं काही आडवं येतंय का ते पुन्हा तपासावं लागतं. म्हणून बरेचदा निर्णय एवढाच: थांबू, पुढचा डेटा येऊ दे. नव्या माणसाला हे थांबणं फार जड जातं.

सराव घरीच होतो. सेलेस्ट्रॅक या वेबसाइटवरून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा टीएलई (कक्षेची माहिती देणाऱ्या दोन ओळी) उतरवा, पायथनमध्ये एसजीपी4 (त्यावरून पुढची जागा काढणारं गणित) चालवा, अक्षांश 20, रेखांश 73.8 धरून संध्याकाळच्या फेरीची वेळ काढा आणि गच्चीवर घड्याळ घेऊन उभे राहा. शहराच्या उजेडातही स्थानक ठळक दिसतं. मग तेच गणित आठवडाभर जुन्या टीएलईवर करा. वेळ किती सरकली आणि का, हे दोन पानांत लिहा. माझ्या मते सर्टिफिकेटांच्या गठ्ठ्यापेक्षा ही दोन पानं मुलाखतीत जास्त बोलतात.

नोकऱ्या मुख्यतः बेंगळुरूत. इस्रोचं आयएस4ओएम हे अंतराळातल्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारं केंद्र तिथेच आहे, दिगंतरासारख्या खासगी कंपन्याही. 2023 मध्ये चांद्रयान-3 चं उड्डाण टकरीचा धोका टाळायला 4 सेकंद उशिरा केलं होतं. घरच्यांना काम समजावताना मी हेच सांगतो. फोन मात्र रात्री-अपरात्री येतो, आणि दिवाळीच्या फराळाला बसतानाही लॅपटॉप शेजारी लागतो.