जाम ब्रेक ड्रम काढायचाय? आधी अ‍ॅडजस्टर, मग बाकी सगळं

मागच्या वेळी जुन्या गाडीचा मागचा डावा ब्रेक ड्रम (चाकामागचं बिडाचं भांडं, ज्याला आतून ब्रेक लागतो) काढण्यात माझा अख्खा रविवार गेला आणि हातात काय आलं, तर कडेचा टवका उडालेला ड्रम, शूवरून (ड्रमला आतून दाबणारी कमानदार पट्टी) सुटून आत लोंबकळणारं एक लायनर (शूवरचा घासला जाणारा थर) आणि वाकडी बॅकप्लेट (शू ज्यावर बसतात तो ड्रममागचा पत्रा). पुलर (ओढून काढायचं अवजार) झाला, हातोडी झाली, गरम करून झालं, फक्त गाडीखाली वाकून शूचं ड्रमपासूनचं अंतर कमीजास्त करणारा अ‍ॅडजस्टर सैल करायचा राहिला. आता दुसऱ्या बाजूचा काढायचाय, म्हणून बसण्याआधी लिहून काढतोय.

जॅक, घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), चष्मा, हातमोजे यावर बोलत नाही. एकच सांगतो, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीला हातोडी मारायची नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, आणि काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात, स्टडच्या (नट ज्यावर बसतो त्या बोल्टच्या) टोकावर इंग्रजी एल कोरलेला दिसला तर नेहमीच्या दिशेने जोर लावत बसू नका, स्टड तुटेल.

ऑइल दोन दिवस आधीपासून मारायला लागा. गंज सोडवणारं पातळ ऑइल ड्रमच्या मधल्या भोकाभोवती, जिथे ड्रम हबवर (चाक धरणाऱ्या मधल्या भागावर) बसतो तिथे, आणि स्टडच्या मुळाशी, ड्रम धरणारे छोटे स्क्रू असतील तर त्यांच्यावर. थोडं थोडं, दिवसातून दोनतीनदा, मध्ये हलक्या हाताने ठोकायचं म्हणजे ते फटीत उतरतं. डबा रिकामा करायचा नाही, आत झिरपून लायनरला लागलं तर ते लायनर गेलं.

हँडब्रेक खाली. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी हुकतं, कारण गाडी हलू नये म्हणून आपण सवयीने तो ओढतो. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडा. आत दांडा खाली गेला म्हणजे खाली सुटला असं नाही, जुनी केबल आतल्या आत गंजून ओढलेलीच राहते, तेव्हा बॅकप्लेटमागचा लिव्हर खरंच मागे गेलाय का ते हाताने ढकलून बघा.

आता अ‍ॅडजस्टर. शू वर्षानुवर्षं घासून ड्रम आतून खातो, पण अगदी कडेला शू पोचत नाही, तिथे न झिजलेल्या लोखंडाचं कडं उभं राहतं. शू त्या खळग्यात बसलेले. ड्रम बाहेर ओढला की कडं शूवर अडकतं, मडक्यात मूठ आवळून बसलेल्या माकडासारखी गत. मूठ सोडवणारी गोष्ट म्हणजे अ‍ॅडजस्टर, आणि आपण मडकं फोडायला निघतो. मी फोडलं.

तो कुठे असतो ते आधी बघून ठेवा. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांना बॅकप्लेटमागे छोटं चौकोनी टोक बाहेर आलेलं असतं, काहींना बॅकप्लेटच्या खाचेतून किंवा ड्रमच्या तोंडावरच्या भोकातून फिरवायचं दातेरी चाक. पुढच्या चाकांना अनेकदा दोन अ‍ॅडजस्टर असतात, प्रत्येक शूला एक, एक सैल करून खूश होऊ नका. चौकोनी टोकाला वायर ब्रश, ऑइल, आणि नीट बसणाराच पाना, पक्कड अजिबात नाही, ते टोक एकदा गोल झालं की संपलं. फिरत नसेल तर आधी किंचित आवळायच्या दिशेने नेऊन मग उलटं, पुन्हा आवळून पुन्हा उलटं, करकर करत एकदम सुटतो. आपोआप जुळणारा अ‍ॅडजस्टर असेल तर त्याची पट्टी बारीक स्क्रूड्रायव्हरने बाजूला धरल्याशिवाय चाक उलटं फिरणारच नाही. वेळ लागला तरी चालेल, पुढचं सगळं याच्यानंतरच.

ड्रम धरणारे बारीक स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरने (हातोडी मारली की फिरणारा) काढा. मग ड्रम हलवून बघा. एखाद सेंटीमीटर बाहेर येऊन थडकला आणि ठकठक झालं तर तो हबवरून सुटलाय, कडं अडकलंय, म्हणजे अ‍ॅडजस्टर अजून सैल करा. (मला हा ठकठक आवाज तीन तास येत होता आणि मी तीन तास जास्त जोरात मारत होतो.) तसूभरही हलत नसेल तर हबवर गंजलाय. ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असतील तर त्यात बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा अर्धा फेरा आवळा, एकच बाजू ओढली तर ड्रम तिरका होऊन आणखी घट्ट बसतो. नाहीतर स्टडच्या मधल्या जागेत लाकूड ठेवून हातोडी, फिरत फिरत. कडेवर मारायचं नाही, कडेला पुलरची नखं लावायची नाहीत, बिडाचं आहे, तडकतं.

हब निमुळत्या अ‍ॅक्सलवर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) बसलेला असेल तर स्टडला बोल्ट होणारा हबचा पुलरच लागतो. मधला नट पूर्ण काढू नका, टोकाशी दोनचार आटे ठेवा, हब सुटताना बंदुकीसारखा उडतो. समोर उभं राहायचं नाही.

एवढं करूनही नाही? अ‍ॅडजस्टर पुन्हा बघा. खरंच बघा. मग ब्लीड निपल (ब्रेकचं तेल सोडायची तोटी) उघडून बघा, होज (तेलाची रबरी नळी) आतून बुजला असेल तर प्रेशर अडकून शू दाबलेलेच राहतात. मग हबभोवती थोडी उष्णता, पण ऑइल मारलेलंय हे विसरू नका, आग विझवायचं जवळ ठेवा. शेवटचा उपाय, शूना बॅकप्लेटला धरून ठेवणाऱ्या पिनांची डोकी मागून कापणं. नव्या पिना आधी आणून ठेवा.

निघाला की फुंकर नाही, हवेचा पाइप नाही, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, मास्क आणि ओलं फडकं. ब्रेक पेडल दाबू नका, शूना ढकलणाऱ्या सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतील. सिलिंडर गळतोय का बघा, कडं घासून टाका, हबवर अँटीसीझचा (पुन्हा गंजून जाम होऊ न देणारी पेस्ट) पातळ हात. मग बसवा, अ‍ॅडजस्टर परत लावा, गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागतंय का बघा, झालं. मी चाललो खाली, उजव्या बाजूचा चौकोनी तुकडा चिखलाखाली कुठे दडलाय ते शोधायला.