घरात मारहाण होत असेल तर जवळची मदत कशी मिळवायची?

जीवाला धोका वाटत असेल तर आधी ११२ लावा, बाकी सगळं नंतर. एवढी घाई नसेल तर महिला हेल्पलाइन १८१. तुमच्या जिल्ह्यातलं सखी वन स्टॉप सेंटर कुठे आहे ते तिथे विचारा. तिथे तात्पुरता निवारा, समुपदेशन आणि कायद्याचा सल्ला मिळतो. घरचे फोन तपासत असतील तर शेजारणीच्या मोबाइलवरून बोला.

मार लागला असेल तर सरकारी दवाखाना गाठा. तिथे ‘पाय घसरून पडले’ असं सांगू नका. कोणी आणि कशाने मारलं ते सांगा, एमएलसी (मारहाणीची पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय नोंद) करायला लावा, केसपेपर माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा. मुंबईत महापालिकेच्या काही रुग्णालयांत यासाठी ‘दिलासा’ केंद्रं आहेत. पहिलं बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं.

पोलीस ठाण्यात जायचं धाडस होत नसेल तर महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष शोधा. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांबरोबर तो सुरू केला, पुढे तो राज्यभर गेला. जागा पोलिसांच्या आवारात, पण ऐकून घ्यायला समाजकार्यकर्त्या.

खरी किल्ली मात्र संरक्षण अधिकाऱ्याकडे आहे, आणि नेमकं हेच पद बायकांना माहीत नसतं. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा, ‘आमच्या भागाचे संरक्षण अधिकारी कोण?’ ते कौटुंबिक घटनेचा अहवाल (डीआयआर) भरतात आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला मदत करतात. यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. नवऱ्याला तुरुंगात पाठवण्याचाही हा अर्ज नव्हे. मारहाण थांबवणारा आदेश, राहत्या घरात राहायचा हक्क, खर्चाला पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा हे त्यातून मागता येतं. घर सासूच्या नावावर आहे म्हणून कोणी बाहेर काढू लागलं तर गप्प निघू नका, आधी सल्ला घ्या. माहेरी आला असाल तर अर्ज तिथल्या कोर्टातही चालतो. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत अपेक्षित आहे. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणून अंतरिम (निकालापर्यंतचा तात्पुरता) आदेश पहिल्याच अर्जात मागून घ्या.

वकिलाच्या फीची चिंता नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण उत्पन्न न विचारता कोणत्याही स्त्रीला मोफत वकील देतं, फोन १५१००. छळाची फौजदारी तक्रार करायची असेल तर तो वेगळा मार्ग आहे (पूर्वीचं ४९८ अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५). दोन्ही एकदम करता येतात.

आदेशाची प्रत कोर्टातून फुकट मिळते. एक स्वतःजवळ, एक विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. संरक्षण आदेश मोडणं हा गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरा पुन्हा दारात आला तर ११२ लावा आणि आलेल्या पोलिसांना ती प्रत दाखवा.