सुतारकामाचा धंदा सुरू करताय? आधी लाकूड वाळू द्या

खानदेशात चोपड्याजवळच्या आमच्या गावात मी घराच्या ओट्यावर सुतारकाम सुरू केलं तेव्हा वीस वर्षांचा होतो. आयटीआयचा एक वर्षाचा सुतारकामाचा कोर्स झाला होता. पहिलं मोठं काम श्रावणात आलं, गौरी-गणपतीसाठी सहा चौरंग. कडुनिंबाच्या फळ्या वखारीतून आणल्या आणि त्याच आठवड्यात जोडल्या. पॉलिश सुरेख बसलं होतं.

एप्रिलमध्ये गल्लीतल्या मावशी चौरंग घेऊन आल्या. मधोमध बोट जाईल एवढी फट होती. सहापैकी चार चौरंग मी स्वतःच्या पैशाने पुन्हा केले. कमाई तर गेलीच, पण मावशी एक शब्दही रागाने बोलल्या नाहीत, त्याचं जास्त लागलं.

शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या मिस्तरींनी माझ्या उरलेल्या फळीवर नुसता हात फिरवला. म्हणाले, "आजून वल्लं शे, पोऱ्या." म्हणजे लाकूड अजून ओलंच होतं.

आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. लाकूड वाळताना रुंदीत आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून फळी खालच्या पट्टीला खिळ्यांनी घट्ट जखडली की ती चिरतेच. आता मी पट्टीतली भोकं लांबट पाडतो आणि स्क्रू लावतो, म्हणजे फळीला हलायला जागा राहते. फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून थप्पीला लावतो आणि टोकांना ऑइलपेंट फासतो, कारण ओल टोकांतून सगळ्यात लवकर जाते आणि तिथे चिरा पडतात. वाळलं की नाही हे कळायला ओलावा मोजायचं यंत्र लागत नाही. त्याच लाकडाचा तुकडा दर आठवड्याला किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

भावही शिकावा लागतो. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात घेऊन गुणायचं आणि 144 ने भागायचं, की घनफूट. चार फूट लांब, नऊ इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे पाव घनफूट. पण रंधा मारून एक इंच उरायला जाड फळी विकत घ्यावी लागते, आणि भुसा-तुकड्यांचे पैसेही आपणच दिलेले असतात. सुरुवातीला मी फक्त लाकूड आणि मजुरी धरायचो. सँडपेपर, पॉलिश, वीज, टेम्पोचं भाडं माझ्या खिशातून जायचं.

सागवान घेताना वखारीची पावती घ्याच. कुणी शेताच्या बांधावरचा साग स्वस्तात देत असेल तर तोडीची परवानगी आणि वाहतूक पास आधी बघा, नाहीतर माल आणि गाडी दोन्ही अडकतात.

यंत्रांसाठी घाईने कर्ज काढू नका. करवत, रंधा, पटाशी, काटकोन बघायचा गुण्या, ड्रिल आणि चार क्लॅम्प एवढ्यावर माझं पहिलं वर्ष निघालं. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आहेत. वय किमान 18 हवं, एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते, आणि 5 टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

काय बनवायचं ते गावाचे सण सांगतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींसाठी झोके बांधले जातात, त्यांना पाट लागतात. पाटाच्या दोन्ही टोकांना दोराच्या खाचा घालताना कडा गोल कराव्या लागतात, नाहीतर दोर कापतो. त्यावर कुणाचं तरी लेकरू बसणार असतं, म्हणून प्रत्येक पाटावर मी आधी स्वतः उभा राहतो.

यंदाच्या पाटांचं लाकूड गेल्या उन्हाळ्यापासून थप्पीला आहे. तुकड्याचं वजन चार आठवडे हललेलं नाही. सोमवारी रंधा लावतो.