घोडदळाचा जुना बिल्ला पारखताना

घोडदळाचा जुना बिल्ला हाती आला की नजर आधी कवटी, भाले किंवा मुकुट यांवर जाते. पण पारख करायची असेल तर बिल्ला प्रथम उलटा करावा. शिपायांचे बहुतेक बिल्ले धातूच्या पत्र्यावर साच्याचा दाब देऊन घडवलेले असत, त्यामुळे समोरचा उठाव मागे खळग्यांच्या रूपाने उमटलेला दिसतो. मागचा पृष्ठभाग दाणेदार असेल आणि त्यावर बारीक बुडबुड्यांची छिद्रे असतील, तर ती बहुधा ओतीव नक्कल असते. अधिकाऱ्यांचे काही बिल्ले मात्र मुळातच जाड आणि भरीव असत. त्यानंतर पिन ओवण्याच्या कड्या किंवा टोपीत खोचायची उभी पट्टी तपासावी. नक्षी गुळगुळीत झिजलेली आणि कड्यांचा डाख (धातू वितळवून केलेला जोड) मात्र कालपरवाचा, असे दिसले तर सावध व्हावे.

काळ ठरवण्यासाठी रेजिमेंटच्या आकड्याइतका भरवशाचा पुरावा क्वचितच मिळतो. भारतातील ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड किचनेर यांनी 1903 मध्ये भारतीय फौजेची पुनर्रचना केली, तेव्हा मुंबई घोडदळाच्या रेजिमेंटांच्या मूळ क्रमांकांत 30 मिळवले गेले. म्हणून तिसरी रेजिमेंट 33 वी आणि चौथी 34 वी, म्हणजे पूना हॉर्स, झाली. पुढे 1921-22 च्या सुमारास 39 रेजिमेंटांच्या 21 करण्यात आल्या, तेव्हा या दोघी एकत्र येऊन 17 वी पूना हॉर्स तयार झाली. म्हणजे 34 हा आकडा असलेला पूना हॉर्सचा बिल्ला या दोन घटनांमधल्या काळातलाच असला पाहिजे.

मुकुटाचा उपयोग याच कामी होतो. 1901 ते 1952 या काळातील मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर चढतात, तर राणी एलिझाबेथ यांच्या काळातील मुकुटाच्या कमानी मध्यभागी दबलेल्या असतात. भारतात 1950 नंतर मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. त्यामुळे 34 आकड्यावर दबलेला मुकुट किंवा सिंह दिसले, तर तो नकलीच, पुढे तपासण्याचे कारणच उरत नाही.

केवळ चिन्हावर भिस्त ठेवू नये. ब्रिटिश 17 व्या लान्सर्सची (भालाईत घोडदळाची) कवटी आणि तिच्याखालचे ‘ऑर ग्लोरी’ (‘किंवा कीर्ती’; कवटी म्हणजे मृत्यू) हे शब्द 1922 च्या विलीनीकरणानंतर 17/21 व्या लान्सर्सनेही कायम ठेवले. शिवाय हा बिल्ला लोकप्रिय असल्याने त्याच्या नकला उदंड आहेत. मूळ साच्यांतून नंतर काढलेल्या प्रती तर सर्वांत फसव्या, कारण त्यांची नक्षी अस्सलच असते. तिथे धातू, कड्या आणि झीज यांवरूनच निर्णय करावा लागतो. शिपाई बिल्ला रोज घासत, म्हणून खरी झीज उंचवट्यांवर अधिक आणि खाचांत कमी आढळते. लोहचुंबकाला चिकटणारा ‘पितळी’ बिल्ला बाजूला ठेवावा. मात्र दुसऱ्या महायुद्धातील प्लास्टिकचे ब्रिटिश बिल्ले हलके म्हणून टाकून देऊ नयेत. धातूची टंचाई असताना ते अधिकृतपणेच बनवले गेले होते.

बिल्ला चिंचेने किंवा पॉलिशने चकचकीत करण्याचा मोह आवरावा, कारण पुरावा ठरणारी झीज आणि जुना रंग दोन्ही त्यात जातात. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसून, आम्लविरहित कागदात गुंडाळून तो कोरड्या जागी ठेवावा आणि कोठून, केव्हा व कोणत्या माहितीसह मिळाला याची नोंद त्याच दिवशी करावी. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंना 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो, हे परदेशी ग्राहकाला बिल्ला पाठवण्यापूर्वी पाहून घ्यावे.