साथीच्या काळातलं बाळंतपण: काय पुढे ढकलायचं, काय नाही

साथ आली की घरचे पहिलं काम करतात ते गरोदर बाईला घरात बसवायचं. दवाखान्यात गेली तर रोग घेऊन येईल, ही भीती खोटी नाही. गर्भाशय वाढलं की छातीखालचा पडदा वर ढकलला जातो, ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. त्यामुळे फुफ्फुसाचा आजार गरोदरपणात लवकर बिघडतो. 2009 च्या स्वाइन फ्लूत हे दिसलं आणि कोरोनातही. दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचं प्रमाणही वाढलं. पण घरात बसलेल्या बाईचा चढलेला बीपी आणि उतरलेलं रक्त कुणाला दिसत नाही, आणि जीव त्यानंही जातो. म्हणून कशासाठी जायचंच आणि कशाला फोन पुरतो, हे आधी ठरवा.

मळमळ, पित्त, गोळ्यांचा त्रास, रिपोर्ट दाखवणं हे ई-संजीवनीवर (सरकारच्या मोफत ऑनलाइन डॉक्टर-सल्ल्यावर) किंवा सिस्टरच्या फोनवर भागतं. 12 आठवड्यांच्या आतली पहिली तपासणी, 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी, 24 ते 28 आठवड्यांची साखरेची तपासणी आणि सातव्या महिन्यानंतरचा बीपी मात्र चुकवू नका. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. गर्दी टाळायला आशाताईकडून वेळ ठरवून घ्या आणि नंबर येईपर्यंत बाहेर झाडाखाली बसा. बीपी 140/90 च्या वर, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं यात सकाळची वाट पाहायची नाही.

गोळ्या किमान महिन्याच्या घरात ठेवा: लोहाच्या 30, कॅल्शियमच्या 60. लोहाची रोज एक, असे 180 दिवस. कॅल्शियमची 500 मिलिग्रॅमची सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, म्हणून मध्ये दोन तास सोडा. लोहाच्या गोळीवर चहा तर नकोच. शौच काळी होते म्हणून अनेक जणी गोळी बंद करतात. ते लोहामुळेच असतं, काही बिघडलेलं नसतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं वेगळं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कारखान्यांवर अनेक टोळ्या अडकल्या. बीड किंवा परभणीहून निघण्याआधी माता-बाल संरक्षण कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये घ्या, आणि कोपीवर (तोडीच्या जागच्या झोपडीवर) पोचल्या पोचल्या तिथल्या आरोग्य केंद्रात नाव लावा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि सिझर मोफत आहे, गाव कुठलंही असो.

ताप आला तर पॅरासिटामॉल 500 ची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास, आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणं. मेडिकलवरून मिळणाऱ्या ‘अंगदुखीच्या गोळी’त बहुतेकदा आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असतं. पाचव्या महिन्यानंतर ते बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करतं आणि गर्भजल कमी होतं. ऑक्सिमीटर लावण्याआधी नेलपॉलिश काढा, पाच मिनिटं शांत बसा, आकडा स्थिर झाल्यावर वाचा. इतरांना आकडा 94 वर येईपर्यंत वाट पाहायला सांगतात. गरोदर बाईनं 95 च्या खाली गेल्याबरोबर दवाखाना गाठायचा. अठ्ठावीस आठवड्यांनंतर जेवून डाव्या कुशीवर पडा आणि बाळाची हालचाल मोजा. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर त्याच दिवशी दाखवा.

छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दोन दवाखाने ठरलेले हवेत. पहिला साथीच्या रुग्णांसाठी राखीव झाला तर दुसरा कुठला? छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय की जिल्हा रुग्णालय? ‘रेफर’ची चिठ्ठी घेऊन कळांमध्ये दारोदार फिरण्यात वेळ जातो, म्हणून निघण्याआधी फोन करा. साथीत रक्तदान शिबिरं बंद पडतात. बाईच्या रक्तगटाचे दोन दाते हाताशी ठेवा. गाडीसाठी 102 किंवा 108.

आईला कोरोनासारखा संसर्ग आहे म्हणून सिझर लागत नाही आणि बाळ वेगळं ठेवायचंही कारण नाही. तासाभरात अंगावर पाजा, पहिला चीक टाकू नका. त्यातच बाळाचं संरक्षण आहे. आईला मास्क, हात साबणानं 20 सेकंद. स्तन दर वेळी धुवायची गरज नाही. आई फारच आजारी असेल तर काढलेलं दूध दुसऱ्या निरोगी बाईनं वाटी-चमच्यानं पाजावं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात काढल्या काढल्याच. गोवर-कांजिण्यांत हा नियम बदलतो. त्या वेळी डॉक्टर सांगतील तसं.

खरी अडचण खोलीची असते. बाळंतिणीची खोली बंद, आत शेगडी, ओवा-शेपाची धुरी, वर पाचवीला आलेल्या बाया. धुरानं बाळाची श्वासनलिका सुजते, बंद खोलीत जळत्या कोळशाचा वायू जीवघेणा असतो, आणि साथीचा विषाणू अशाच हवेत साचतो. एक खिडकी उघडी ठेवा, बाळाला थेट वारा लागू देऊ नका, ऊब हवी असेल तर आईच्या छातीशी धरा. पाचवी घरच्यांत करा. बारसं महिन्याभरानं झालं तरी नाव तेच राहतं. बाळाला मास्क कधीच नाही, गुदमरतं.

आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येते. साथ आहे म्हणून तिला परत पाठवू नका. ओसरीवर, मोकळ्या हवेत वजन करू द्या. मधल्या दिवसांत तुम्ही पाहायचं ते असं: बाळ शांत असताना पोट वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. साठ किंवा जास्त, छाती आत ओढली जाणं, दूध सोडणं, झटके, अंग गार पडणं किंवा 37.5 सेल्सिअसच्या वर ताप: यातलं एकही दिसलं तर नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात न्या. घुटी-मध देऊन वाट पाहू नका.

लसींत हिपॅटायटिस बीचा जन्माचा डोस 24 तासांत, पोलिओचा पहिला 15 दिवसांत लागतो. बीसीजी वर्षापर्यंत देता येते. पुढचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी. साथीत चुकलेल्या लसींची किंमत मोठी असते. 2022 मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला होता. डोस राहिला तर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. कार्ड घेऊन पुढच्या लसीकरणाच्या दिवशी जा, राहिलेला डोस तिथून पुढे मिळतो.