बालगृहातल्या मुलीला प्रियकराकडून मारहाण होत असेल तर

मनगटावरचे वळ, अचानक तुटलेल्या मैत्रिणी, ‘त्याला विचारून सांगते’ हे वाक्य: काळजीवाहक ताईंनी इथेच सावध व्हावं. प्रेमप्रकरण म्हणून तिलाच शिक्षा केलीत, तर बाकीच्या मुलीही गप्प होतात. दोघांना समोरासमोर बसवून समेट तर मुळीच नको. नंतर तो तिच्यावरच राग काढतो.

तिच्याशी एकांतात बोला. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण वय 18 पेक्षा कमी असताना लैंगिक अत्याचार झाला असेल, तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिचेच शब्द तारीख-वेळेसह नोंदवा. पुन्हापुन्हा वदवून घेऊ नका. बालकल्याण समितीला कळवा. बालगृहाचे अधीक्षक टाळत असतील तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा. शाळेच्या वाटेवर तो भेटत असेल, तर सोबत मोठं माणूस द्या. तिची शाळा बंद करू नका.