विमा कंपनीच्या मुलाखतीला जाताय? आधी हे विचारा

आयुर्विमा कंपनीत 'सेल्स मॅनेजर' पदासाठी बोलावणं आलं, तर पहिला प्रश्न तुम्हीच विचारा: नोकरी पगारी आहे की कमिशनवरची एजन्सी? जाहिरातीत दोन्ही सारखंच दिसतं. पगारी असेल तर महिन्याचं टार्गेट किती, किती एजंट जोडायचे आणि टार्गेट हुकलं तर काय, हे लेखी मागा.

समोरचा बहुधा विचारेल, "ओळखीची शंभर नावं लिहून देता येतील?" मामा-मावश्यांची यादी काढू नका. सोसायटी, जुनं ऑफिस, क्रिकेटचा ग्रुप असे गट सांगा आणि कोणाला कसली गरज असेल तेही. नवं बाळ झालेल्या घरात टर्म प्लॅनची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत कमावत्याचा मृत्यू झाला तर कुटुंबाला पैसे देणाऱ्या विम्याची गोष्ट निघू शकते.

हमखास गुगली: "ग्राहकानं कमिशनमधला वाटा मागितला तर?" उत्तर स्पष्ट 'नाही'. विमा कायदा 1938 च्या कलम 41 नुसार अशी सूट देणं बेकायदा आहे.

आणि शेवटी तुम्ही विचारा, "शाखेची तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी किती?" म्हणजे वर्षभरानंतरही किती पॉलिसींचा हप्ता भरला जातो. हा आकडा सांगताना साहेब चाचरले, तर चहा पिऊन निघा.